शून्याची चूक

पुण्याहून आलेल्या मॅडमनी कँटीनमध्ये
प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला.
म्हणाल्या, आधी नुसता बघा.
मग वास घ्या. मग जिभेवर ठेवा. चावू नका.
गांगुर्डेनं एव्हाना गिळून टाकला होता
आणि दुसरा मागत होता.

मी बघत राहिले.
पिंपळगावच्या शेडमध्ये माझ्या आईनं
बारा वर्षं हेच केलं, नुसतं बघितलं.
हिरवा इकडे, काळपट तिकडे, काडी बाजूला,
किलोवर मजुरी.
हे ध्यान आहे असं तिला कुणी सांगितलं नाही.
गंधकाच्या धुरीनं संध्याकाळी डोळे चुरचुरतात,
एवढंच तिला ठाऊक.

मी तो चावला नाही.
ॲप्रनच्या खिशात टाकला
आणि टेबलाशी जाऊन उभी राहिले.

अंबडला आमच्या इन्स्पेक्शनच्या खोलीला एकच खिडकी.
तिच्यातून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो,
म्हणजे दिसायचा.
आता स्क्रॅपच्या ढिगावरून त्याचं टोक तेवढं.

त्या दिवशी तीनशे बारा पिना
गिऱ्हाइकाकडून परत आल्या होत्या.
निरगुडे साहेब दर दहा मिनिटांनी दारात,
गाडी सहाला लागणार, बेंडकुळे मॅडम, सहाला.
लॉकरमध्ये फोन होता
आणि फोनमध्ये लेकीचे, सासरहून आलेले,
चार मिस्ड कॉल.

पहिली पिन मोजली. परत मोजली.
दोन्ही वेळा वेगळी.
पिन काही बदलली नव्हती.

तेव्हा मी हात थांबवला.
मायक्रोमीटरचे दोन्ही जबडे मलमलीनं पुसले,
रिकामेच मिटले,
मागची कळ दोन बोटांनी फिरवली :
टक्. टक्. टक्.
तीनदा पुरे.
जोर लावला तर माप कमी भरतं,
पण ते मग पिनेचं नसतं,
आपल्या मनगटाचं असतं.

शून्य शून्यावर नव्हतं.
दोन मायक्रॉन पुढे.

शिकाऊ होते तेव्हा शेजवळ मास्तर म्हणायचे,
शून्य सरकलं म्हणून हत्यार फेकत नाहीत, पोरी.
किती सरकलं ते वहीत मांड
आणि प्रत्येक मापातून वजा करत जा.

मी मांडलं : दोन मायक्रॉन.
त्याच्या शेजारी, साहेबांना वाचता येणार नाही
एवढ्या बारीक अक्षरात :
प्रणाली.

मग पिन उचलली. फार वेळ धरली नाही,
तळहाताच्या उबेनं लोखंडसुद्धा फुगतं.
टक्, म्हणजे साहेबांचा आवाज.
टक्, म्हणजे लॉकरमधला फोन.
टक्, आणि आता फक्त पिन.
कधी कधी तिसऱ्यालाही फोनच.
मग जबडे उघडायचे,
पुन्हा पहिल्यापासून.

शांत झाले असं म्हणणार नाही.
पोटात गोळा होताच.
पण तो पोटात होता,
मापात नव्हता.

एकवीस पिना लाल ट्रेमध्ये गेल्या.
गाडी सहाला लागलीच नाही, सव्वासातला लागली.
साहेबांनी रिपोर्टवर सही केली,
पेन खिशाला लावलं, काही बोलले नाहीत.
मीही त्यातून काही वजा केलं नाही.

पाथर्डी फाट्यावर रिक्षाची वाट बघताना
मी लेकीला फोन लावला.
दुसरा हात आपोआप खिशात गेला
आणि बोटांना तो लागला,
सुरकुतलेला, कूलंटचा वास लागलेला.

रिंग वाजली. आणखी एकदा. आणखी एकदा.
जिभेवर चार वाक्यं तयार होती :
मी तुला सांगितलंच होतं. तू ऐकतेस कुठे.
त्यांना फोन दे. बॅग भर.

‘आई,’ ती म्हणाली.

मी बेदाणा तोंडात टाकला.
चावला नाही.
ती बोलत होती.